मानमोडीची वजाबाकी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मित्राला मुलीच्या जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता. विदर्भात अशा वेळी पहिल्यांदा आठवते ते 'कोतवाल बुक', म्हणजे इंग्रजी अमदानीत गावच्या कोतवालाने दिलेल्या वर्दीवरून भरलेली जन्म-मृत्यूची नोंदवही. महसुली भाषेत गाव नमुना चौदा. मला थोडीफार मोडी वाचता येते, म्हणून मित्राने मला सोबत घेतले. तहसीलच्या अभिलेख कक्षात, धुळीने भरलेल्या बस्त्यांपुढे बसून त्याच्या पणजोबांच्या घरातली नावे शोधता शोधता १९१८ साल लागले.

त्या गावात एरवी महिन्याला तीन-चार मृत्यू. आषाढ-श्रावणात थोडे जास्त. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र पाने भरभरून लिहिलेली. एकाच तारखेला चार-चार नावे. एरवी अशा वहीत तान्ही मुले आणि म्हातारी माणसे अधिक असतात. इथे वय वीस, पंचवीस, तीस. कारणाच्या रकान्यात वरच्या ओळीला 'ताप' आणि खाली पानभर 'सदर', 'सदर', 'सदर'. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नोंदी एकाएकी थांबतात. अठरा दिवस एकही मृत्यू नाही. पुन्हा सुरू होतात तेव्हा अक्षर दुसऱ्याचे असते.

मित्राला हवी असलेली जन्मनोंद १९१३ सालच्या पानावर मिळाली आणि तो खूश होऊन झेरॉक्सच्या मागे लागला. माझ्या डोक्यात मात्र ते अठरा दिवस राहिले. त्या दिवसांत गावात खरेच कोणी मेले नाही, की लिहिणाराच अंथरुणाला खिळला किंवा उरलाच नाही? कागदावर दोन्हींचा अर्थ एकच: शून्य.

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्रज्ञही नाही. माझी पंचवीस वर्षे विम्याच्या मृत्यू-दाव्यांची कागदपत्रे तपासण्यात गेली. दाखल्याशिवाय मरण मानायचे नाही, हा त्या खुर्चीचा नियम. त्यामुळे न लिहिलेल्या मरणाचे काय होते, हा प्रश्न मला आयुष्यभर परिचयाचा होता. तो एका गावापुरता नसून अख्ख्या देशाचा आहे, हे त्या वहीने दाखवले. मग मिळतील ते जुने अहवाल, जनगणनेची पुस्तके, अभ्यासकांचे लेख वाचत गेलो. साथीतले मृत्यू मोजतात कसे, काही मुलखांत ते जास्त आणि काही मुलखांत कमी का दिसतात, आणि दिसणे व असणे यांत अंतर किती, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

ताप नावाचा रकाना

१९१८ च्या त्या साथीला महाराष्ट्रात 'मानमोडी' म्हणत. ताप, अंग मोडून येणे, मान वर न होणे आणि दोन-चार दिवसांत खेळ खलास. जगाने तिला 'स्पॅनिश फ्लू' म्हटले. मुंबईत तिची चाहूल जूनमध्ये लागली. १० जून १९१८ रोजी पोलीस खात्यातले सात शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. तो ताप हिवतापाचा नव्हता. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी या साथीचा सविस्तर अहवाल लिहिला आहे. जून-जुलैची पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट मारक ठरली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. प्लेगच्या ऐन भरातही मुंबईने असा दिवस पाहिला नव्हता. रेल्वेच्या रुळांवरून साथ देशभर गेली. त्यातच त्या वर्षी पावसाने दडी मारलेली, धान्य महागलेले, आणि युद्ध अजून संपायचे होते.

आता हे मृत्यू नोंदले कसे गेले? मुंबई-पुण्यासारखी शहरे सोडली तर मृत्यूचे कारण सांगायला डॉक्टर नव्हताच. मध्य प्रांतात गावचा कोतवाल ठाण्यावर वर्दी देई, मुंबई इलाख्यात ते काम गावकामगारांच्या दप्तरात होते. त्यांच्यासमोर ठरावीक रकाने होते: पटकी, देवी, प्लेग, अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात आणि ताप. 'इन्फ्लुएन्झा' असा रकाना गावच्या वहीत नव्हता. त्यामुळे बहुतेक बळी 'ताप' या रकान्यात गेले, जिथे हिवताप, विषमज्वर आणि ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही असा प्रत्येक आजार आधीपासून दाटीवाटीने बसलेला होता. म्हणजे १९१८ च्या सरकारी दप्तरात मानमोडीने मेलेली माणसे शोधू गेलो तर ती थेट सापडतच नाहीत.

तरीही मानमोडीने किती माणसे मेली याचे आकडे आहेत. ते आले वजाबाकीतून.

वजाबाकीची रीत

रीत इतकी साधी आहे, की शाळकरी मुलालाही कळावी. समजा, एखाद्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत दर ऑक्टोबरमध्ये सरासरी शंभर माणसे मरत होती. या ऑक्टोबरमध्ये सातशे मेली. मग कारणाच्या रकान्यात काहीही लिहिलेले असो, सहाशे मृत्यू जादा आहेत आणि त्यांचा जाब त्या काळात घडलेल्या असाधारण गोष्टीला विचारायला हवा. यालाच 'जादा मृत्यू' किंवा 'अतिरिक्त मृत्यू' म्हणतात.

ही युक्ती जुनी आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये मृत्यूंचे साप्ताहिक तक्ते निघत. एखाद्या घरात प्लेगचा मृत्यू झाला, की घराला बाहेरून टाळे लागे. म्हणून लोक प्रेत तपासायला येणाऱ्या बायकांच्या हातावर काहीतरी ठेवून दुसरे कारण लिहून घेत. कापडाचा व्यापार करणाऱ्या जॉन ग्राँट या गृहस्थाने १६६२ साली हे तक्ते पुस्तकरूपाने तपासले. १६२५ च्या साथीत 'इतर आजारां'चे मृत्यूही अचानक वाढले होते, हे त्याने हेरले. इतर आजार त्याच वर्षी का बरे वाढावेत? त्याने नेहमीच्या वर्षाचा आकडा त्यातून वजा केला आणि सांगितले, की लिहिलेल्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांश अधिक लोक प्लेगने मेले आहेत. ग्राँटनेही विद्यापीठाची पायरी चढलेली नव्हती, हे वाचून मला जरा बरे वाटले होते. पुढे १८४७ च्या लंडनमधल्या इन्फ्लुएन्झाच्या वेळी विल्यम फार या अधिकाऱ्याने हीच वजाबाकी पद्धतशीर केली आणि ती सार्वजनिक आरोग्याचे हत्यार झाली.

या रीतीचे मोठे बळ असे, की तिला कारण लागत नाही, फक्त तारीख लागते. कारण बदलता येते, लपवता येते, चुकते. मरण लपवणे त्या मानाने अवघड.

पण वजाबाकीला खाचखळगेही आहेत. पहिला, 'नेहमीचे वर्ष' कोणते? पाच वर्षांची सरासरी घेतली आणि त्यांत एखादे वर्ष प्लेगचे असेल, तर सरासरीच फुगते आणि जादा मृत्यू कमी दिसतात. दुसरा, जादा मृत्यूंत साथीचे बळी असतात तसे तिच्या आडून मेलेलेही असतात. १९१८ मध्ये उपासमारीने गेलेले किंवा आजच्या काळात दवाखाना बंद म्हणून डायलिसिस न मिळालेले, सगळे त्यात येतात. उलट टाळेबंदीत रस्त्यावरचे अपघात घटतात, ते मृत्यू आकडा खाली ओढतात. तिसरा खळगा सगळ्यांत खोल. वजाबाकीतल्या दोन्ही संख्या एकाच वहीतून येतात. साथीत वही लिहिणाराच आजारी पडला, तर संकट जितके मोठे तितकी नोंद कमी. माझ्या त्या गावच्या वहीतले अठरा दिवस वजाबाकीत शून्य म्हणून धरले जातात. जिथे सर्वाधिक माणसे मेली असण्याची शक्यता, तिथेच पान कोरे.

दर खेपेला वाढत गेलेला आकडा

म्हणूनच मानमोडीच्या बळींचा आकडा दर खेपेला वाढत गेला. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये प्राथमिक अहवालात सुमारे ६० लाखांचा अंदाज दिला.  संस्थानांत नोंदणीची एकसारखी पद्धतच नव्हती. मग १९२१ ची जनगणना झाली. जनगणना कोणी मेले हे विचारत नाही, ती जिवंत माणसे मोजते. पण दहा वर्षांपूर्वी जी असायला हवी होती ती नाहीत, हे ती आपोआप सांगते. जनगणना आयुक्त मार्टेन यांनी नोंदणीतली गळती आणि संस्थाने धरून सव्वा कोटीच्या आसपास मृत्यूंचा अंदाज केला. पुढे १९५१ मध्ये किंग्सले डेव्हिस या लोकसंख्या-अभ्यासकाने वयोगटांचा हिशेब मांडून आकडा दोन कोटींच्या जवळ नेला. १९८६ मध्ये आय. डी. मिल्स यांनी १ कोटी ७० ते १ कोटी ८० लाख सांगितला. २०१२ मध्ये सिद्धार्थ चंद्र आणि सहकाऱ्यांनी जिल्हावार आकडेमोड करून ब्रिटिश मुलखापुरता १ कोटी ३९ लाखांच्या आसपास आणला. एकमत नाही, आणि ते होईल असेही नाही. पण पहिला आकडा सगळ्यांत लहान होता, याविषयी दुमत नाही.

आजच्या भारताच्या सीमा धरल्या तर १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर आली. जनगणना सुरू झाल्यापासून लोकसंख्या घटल्याचे हे एकच दशक. आजच्या महाराष्ट्राचा भूभाग घेतला तर घट अधिक ठळक आहे: सुमारे २.१५ कोटींवरून २.०८ कोटींवर, जवळपास तीन टक्के. त्यात प्लेग आणि दुष्काळ यांचाही वाटा आहे. सगळी घट मानमोडीच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण त्या तुटीतला मोठा वाटा १९१८ च्या शरद ऋतूचा होता.

मुलखामुलखांतला फरक थक्क करणारा आहे. साथीने सर्वाधिक झोडपले ते पश्चिम, मध्य आणि उत्तर हिंदुस्थानला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नोंदलेल्या मृत्यूंचा दर हजारी पन्नासच्या वर गेला. बंगालमध्ये तो एक आकडी राहिला. यातला काही भाग खरा आहे. साथ मुंबईकडून पूर्वेकडे सरकताना मंदावत गेली, असे चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिल्ह्यांच्या आकड्यांत दिसले. पण काही भाग नोंदणीचाही असणार. ज्या प्रांताची वही मुळात सैल, तिथे आकडा कमी दिसणारच. नकाशावरचा फिका रंग पाहून 'इथे साथ कमी होती' म्हणण्याआधी, 'इथे वही कशी होती' हे विचारावे लागते.

आणि जिथे वही चांगली होती, तिथे तिने काय दाखवले? मुंबई शहराने मृत्यू जातधर्मानुसार नोंदले होते. साथीत युरोपियनांचा मृत्युदर हजारी ८.३, पारशांचा ९, भारतीय ख्रिश्चनांचा १८.४, सवर्ण हिंदूंचा १८.९, मुसलमानांचा १९.२. ज्यांना त्या अहवालाने खालच्या जातींचे हिंदू म्हटले, त्यांचा ६१.६. एकच शहर, एकच हवा, एकच रोग. मेलेल्यांत फरक झाला तो खोलीत किती माणसे झोपत, अंगावर पांघरूण होते का, तापात कोणी पाणी पाजायला होते का यामुळे. हा तक्ता शंभर वर्षांनंतरही वाचवत नाही. पण तो वाचता येतो, कारण कोणीतरी ते रकाने भरले होते.

एकशेतीन वर्षांनंतर

२०२१ चा एप्रिल-मे आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. त्या काळातल्या कोविडच्या सरकारी आकड्यांकडे आता वजाबाकीच्या चष्म्यातून पाहू.

२०२१ अखेर देशात कोविडचे अधिकृत मृत्यू सुमारे ४.८१ लाख होते. ५ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी जगभरात सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला; त्यांत भारताचे ४७ लाख. भारत सरकारने हा आकडा आणि ती पद्धत अमान्य केली. त्याआधी प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी जुलै २०२१ पर्यंत ३२ लाखांच्या आसपास, तर अभिषेक आनंद, जस्टिन सँडेफर आणि अरविंद सुब्रमणियन यांनी वेगवेगळ्या मार्गांनी ३४ ते ४९ लाख असे अंदाज मांडले होते. 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासात ४०.७ लाख आले. पद्धती वेगळ्या, आकडे वेगळे, पण सगळे अधिकृत संख्येच्या सहा-सात पटींच्या पुढे.

सरकारच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. नागरी नोंदणीतील मृत्यू पाहा. २०१८ मध्ये ६९.५ लाख, २०१९ मध्ये ७६.४ लाख. कसलीही साथ नसताना एका वर्षात जवळपास सात लाखांची वाढ! ही वाढ मरणाची नव्हे, नोंदणी सुधारल्याची. २०२० मध्ये आकडा ८१.२ लाख झाला, म्हणजे आणखी ४.८ लाख. यांतले साथीचे किती आणि नोंदणी सुधारल्याचे किती, हे नुसत्या वजाबाकीने सांगता येत नाही. नोंदणीही सगळीकडे सारखी नव्हती. २०१९ मध्ये देशात शंभर मृत्यूंपैकी सुमारे ९२ नोंदले जात होते; महाराष्ट्र, केरळ, गुजरात या राज्यांत जवळजवळ सगळे, बिहारमध्ये निम्म्याच्या आसपास.

मग २०२१ चा अहवाल आला. तो यायला मे २०२५ उजाडले. त्या वर्षी नोंदलेले मृत्यू १ कोटी २ लाखांहून अधिक. आदल्या वर्षापेक्षा २१ लाख जास्त, २०१९ पेक्षा सुमारे २६ लाख. नोंदणी सुधारली एवढ्या कारणाने ही उडी समजत नाही. त्याच वर्षी कोविडचे अधिकृत मृत्यू ३.३२ लाख होते. हे कोणा परदेशी संस्थेचे प्रारूप नाही. ग्रामसेवकांनी आणि नगरपालिकांच्या कारकुनांनी लिहिलेल्या, सरकारनेच बेरीज केलेल्या नोंदी आहेत.

हे अंतर पडले कसे? वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी दोन नमुने आहेत: दवाखान्यातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्यासाठी ४अ. पण देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू चारांत एकालाही पोचत नाहीत. २०२० मध्ये ते साडेबावीस टक्के होते. उरलेल्यांचे कारण नातेवाईक सांगतील ते. त्यावर चाचणी मिळाली नाही, खाट मिळाली नाही, रुग्णवाहिका वाटेत अडकली.

त्या वर्षी माझ्या टेबलापुढे एका खेड्यातली बाई आली होती. नवरा घरीच वारलेला. चाचणी नाही, दाखल्यासोबतच्या कागदावर कारण 'हृदयक्रिया बंद'. विम्याचे पैसे मिळाले, कारण दाखला होता. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जाहीर झालेल्या पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीसाठी कोविडचा कागद हवा होता आणि तो कुठेच नव्हता. ती म्हणाली, "भाऊ, त्या हप्त्यात आमच्या गल्लीतले पाच जण गेले. समद्यायचं हार्ट एकाच टायमाले कसं बंद पडलं?"

जादा मृत्यूंवर मी पुढे बरेच वाचले. त्या बाईच्या प्रश्नापेक्षा नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

प्रामाणिक वही आणि बदनाम राज्य

त्या दोन वर्षांत 'सर्वाधिक मृत्यूंचे राज्य' म्हणून महाराष्ट्राचे नाव रोज बातम्यांत असे. अधिकृत मृत्यू २०२१ अखेर १.४१ लाख, देशात सर्वाधिक. गुजरातचे तेव्हा दहा हजारांच्या आसपास. नुसते एवढेच पाहिले तर गुजरातने साथ उत्तम हाताळली असे वाटेल.

आता वजाबाकी लावू. नागरी नोंदणीनुसार गुजरातेत २०२१ मध्ये आदल्या वर्षापेक्षा सुमारे १.९५ लाख मृत्यू जास्त झाले. त्या वर्षीचे तिथले अधिकृत कोविड मृत्यू सुमारे ५,८००. फरक तीस पटींहून अधिक. आणि गुजरातेत नोंदणी आधीपासूनच जवळपास पूर्ण होती, म्हणजे 'नोंदणी सुधारली' हे उत्तर तिथे चालत नाही. मध्य प्रदेश आणि पश्चिम बंगाल यांचे अंतरही दहा पटींच्या वर. ज्या राज्यांत हे अंतर तुलनेने खूपच कमी राहिले, त्यांत महाराष्ट्र आणि केरळ होते.

दुसरा पुरावा नुकसानभरपाईच्या अर्जांचा. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार गुजरातेत दहा हजार अधिकृत मृत्यूंसाठी जवळपास नव्वद हजार अर्ज आले होते आणि त्यांतले ६८ हजार सरकारनेच मंजूर केले होते. जे मृत्यू आकड्यात नव्हते, ते खर्चाच्या बाजूला उमटले. केरळात मात्र तेव्हा अर्ज अधिकृत मृत्यूंपेक्षा कमी होते.

यावरून महाराष्ट्राने पाठ थोपटून घ्यायचे कारण नाही. आपल्याकडेही १.४१ लाख मृत्यूंसाठी २.१३ लाख अर्ज आले होते. १६ जून २०२० रोजी राज्याने आधी न धरलेले १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत घातले. त्यांतले ८६२ मुंबईचे. पण चूक उघडपणे दुरुस्त करणे हेही एक काम आहे. बिहारमध्ये उच्च न्यायालयाने धरून विचारल्यावर जून २०२१ मध्ये आकडा साडेपाच हजारांच्या आसपासवरून एकदम नऊ हजार चारशेवर गेला. पेरूने तर मे २०२१ अखेर आपला आकडा ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर नेला आणि लोकसंख्येच्या मानाने जगातला सर्वांत वाईट देश म्हणवून घेतले. ज्याने खरे लिहिले त्याची बदनामी आणि ज्याने पान कोरे ठेवले त्याचे कौतुक, अशी रीत पडली तर पुढच्या साथीत कोण लिहील?

कोण गळते

न नोंदलेल्या मरणात गळती सगळ्यांची सारखी होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत घरोघर विचारले, तेव्हा पुरुषांच्या मृत्यूंपैकी ७४ टक्के नोंदलेले निघाले, स्त्रियांच्या ६६ टक्के. कारण विम्याच्या खुर्चीवर बसलेल्याला लगेच कळते. दाखला लागतो तो सातबाऱ्यावर वारस लावायला, पेन्शनला, बँकेला, विम्याला. जिच्या नावावर काहीच नाही तिचा दाखला काढायला कोण तालुक्याला जाईल? १९१८ मध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या होत्या. २०२० विषयी याच पाहणीच्या आधारे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक घटल्याचे दिसले आणि मुसलमान, दलित, आदिवासी यांचे अधिक घटल्याचेही. सरकारने तोही अभ्यास फेटाळला. खरे-खोटे करायला चांगली वही हवी, आणि १९१८ च्या मुंबईसारखा तक्ता आज कोणत्याही शहराने प्रसिद्ध केलेला नाही.

मानमोडीच्या वेळी वहीतली चूक पकडणारी दुसरी वही तीन वर्षांत आली: १९२१ ची जनगणना. १८८१ पासून दर दहा वर्षांनी, महायुद्धाच्या धामधुमीत १९४१ सालीही, ती झाली होती. २०२१ ची मात्र साथीमुळे पुढे गेली आणि पुढेच जात राहिली. आता जाहीर झाल्याप्रमाणे ती २०२७ मध्ये होईल. तेव्हा आधीच्या शिरगणतीला सोळा वर्षे झालेली असतील. मधल्या काळातले जन्म, स्थलांतर, इतर मरणे यांच्या गर्दीतून २०२१ ची तूट वेगळी काढणे फार कठीण जाईल. अशक्य नाही. डेव्हिस यांनी तर मानमोडीचा हिशेब तेहेतीस वर्षांनी मांडला होता.

तोवर एक काम कोणालाही करता येण्याजोगे आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्याच्या कलम १७ नुसार कोणाही नागरिकाला नोंदवहीत शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. मृत्यूचे कारण उताऱ्यात उघड करत नाहीत, पण वजाबाकीला कारण लागतच नाही. आपल्या ग्रामपंचायतीत २०१५ ते २०१९ ची सरासरी आणि २०२१ चा आकडा, एवढे दोनच. मी माझ्या गावचे काढले. ते इथे देत नाही. एका गावाच्या आकड्यावरून देशाचे अनुमान काढू नये, हे एवढ्या वाचनातून शिकलो आहे. पण ते दोन आकडे कागदावर मांडताना एप्रिल २०२१ मधली एकेक अंत्ययात्रा आठवत गेली आणि जिथे आठवण होती पण नोंद नव्हती, अशा दोन नावांपाशी थांबलो. दोघी बायका होत्या. एकीच्या मुलाला बोललो. उशिराची नोंद करायला आता दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, तारखा पडतात, मजुरी बुडते. तो म्हणाला, "आता करून काय फायदा, काका?"

फायदा नाही, हे खरे. तिच्या नावावर ना जमीन होती ना विमा. मी त्याला त्या कोतवाल बुकाची गोष्ट सांगितली, अठरा दिवसांच्या कोऱ्या पानाची. त्या दिवसांत कोण गेले ते आता कोणालाही शोधता येणार नाही. वजाबाकी फार तर संख्या देईल. नाव देणार नाही. त्याच्या आईचे नाव मात्र अजून लिहिता येईल, कारण ते सांगणारा अजून आहे.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे मिळून अर्ज दिला आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.